जुळलं की फिसकटलं

प्रबंध लिहून झाला म्हणजे पीएचडी झाली, असं मानणाऱ्या भाबड्या जिवांना मी ग्रंथालयाची वाट दाखवतो. तिथे साम्य तपासणी होते, म्हणजे प्रबंधातला मजकूर आधीच्या लिखाणाशी किती जुळतो ते यंत्र मोजतं. पत्रिकेत जितके गुण जुळतील तितकं बरं. इथे जुळले की स्थळ हातचं गेलं. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१८च्या नियमांत १० टक्क्यांपर्यंत साम्य माफ आहे. ४० टक्क्यांपर्यंत गेलात तर सहा महिन्यांच्या आत सुधारून द्या, ६० पर्यंत वर्षभर घरी बसा, त्यापुढे नोंदणीच रद्द.

बरं, साम्य म्हणजे दर वेळी चोरीच असते असं नाही. प्रतिज्ञापत्राचा नमुना विद्यापीठच देतं, मग तो सगळ्यांशी जुळणारच. ऋणनिर्देशात ‘वेळोवेळी मोलाचे मार्गदर्शन’ न मिळालेला विद्यार्थी मला अजून भेटायचाय. ऋणनिर्देश, अनुक्रमणिका, संदर्भसूची नियमानेच वगळायची असते. पण तपासताना ते कुणी वगळलंच नाही, तर आकडा फुगतो. म्हणून नुसता आकडा ऐकून घाम फोडून घेऊ नये, अख्खा अहवाल मागावा.

आकडा उतरवायला काहीजण शब्दच बदलतात. ‘नमुना निवड’चं ‘मासला वेचणी’ होतं, ‘प्राथमिक शिक्षण’ ‘आरंभिक विद्यादान’ बनतं. साम्य उतरतं खरं, पण व्हायवाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, बाहेरून आलेले परीक्षक विचारतात, “ही वेचणी कुठल्या पिकाची?”

मराठी प्रबंधाची तऱ्हा आणखी न्यारी. जुन्या, युनिकोड (सगळ्या संगणकांना कळणारी अक्षरं साठवायची एकच पद्धत) नसलेल्या फॉन्टमध्ये टंकलं असेल तर पडद्यावर शुद्ध मराठी दिसतं, पण आतमध्ये इंग्रजी अक्षरांचा कचरा असतो. यंत्र तोच वाचतं आणि साम्य शून्य दाखवतं! हुरळू नका. फाइल युनिकोडमध्ये करून आणायला सांगतात आणि मग खरी मजा येते. जुन्या फॉन्टमध्ये पहिली वेलांटी अक्षराआधी टंकतात, युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर साठते; त्यामुळे रूपांतरात ती शेजाऱ्याच्या घरी जाते. रफारही तसाच भटक्या. सगळी पानं पुन्हा वाचण्यावाचून सुटका नाही. तेव्हा पहिल्या प्रकरणापासूनच युनिकोड धरा.

आणि कच्चा मसुदा तपासायला देताना ‘तुलनेच्या भांडारात साठवू नका’ हे बजावून सांगा. नाहीतर अंतिम प्रत तुमच्याच मसुद्याशी जुळते, आकडा नव्वदीपार जातो आणि आपण आपलीच चोरी केली नाही याचा खुलासा गाइडच्या सहीनिशी द्यावा लागतो. सर त्या आठवड्यात हमखास परिषदेला गेलेले असतात.