कुंडीतलं 'दुर्मिळ शेवाळ' आणि कोंढाण्याचा उंदीर

काल सकाळी आई चमच्याने कुंडीतल्या मातीवरचा हिरवा थर खरवडून वाटीत घेत होती, काढा करायला! का, तर फॅमिली ग्रुपवर मेसेज आलाय की सिंहगडावरचं लिव्हरवर्ट हे दुर्मिळ शेवाळ लिव्हर साफ करतं, नामशेष व्हायच्या आत आणून ठेवा, कुंडीतलंही चालेल. आणि खाली, गडावरचा उंदीर धोक्यात आहे ही थाप आहे, उंदीर तो उंदीर, दिसला की औषध टाका.

आधी काढा. लिव्हरवर्ट हे नाव आकारावरून पडलंय, चपटं, कडेला फाटे फुटलेलं, म्हणून यकृतासारखं. जी वनस्पती ज्या अवयवासारखी दिसते ती त्यालाच गुणकारी, अशी जुन्या युरोपात समजूत होती, एवढाच काय तो पाया. मर्केंशिया या लिव्हरवर्टातल्या मर्केंटिन नावाच्या रसायनांवर लॅबमध्ये काम झालंय, बरं, मान्य, पण म्हणून कुंडीतला चिखल उकळून प्यायचा? या वनस्पतींना खरी मुळं नसतात, सगळ्या अंगाने पाणी ओढतात, त्यासोबत शिशासारखे धातूही साठवतात. आणि आमच्या त्या कुंडीत गेल्याच महिन्यात कीटकनाशक मारलंय. आईला फॅटी लिव्हर आहे हो!

शेवाळ नाहीच ते. नववीच्या पुस्तकात ब्रायोफायटात, म्हणजे खरी मुळं नसलेल्या छोट्या वनस्पतींच्या गटात, मॉसशेजारी मर्केंशिया, रिक्सिया दिलेत. दुर्मिळ म्हणाल तर मेसेजच्या फोटोत छोट्या छत्र्या आलेलं मर्केंशिया पॉलिमॉर्फा आहे, जगभर नर्सरीवाले ते तण म्हणून काढून टाकतात.

खरा धोक्यात आहे तो उंदीर. मिलार्डिया कोंडाना, नावातच कोंढाणा. १९७५ साली सिंहगडावरूनच ही जात जगासमोर आली. आययूसीएन या जागतिक निसर्ग संवर्धन संघटनेच्या रेड लिस्टमध्ये ती 'एन्डेंजर्ड' म्हणजे संकटग्रस्त आहे, कारणंही दिलीत, अधिवास कमी होणं, अति चराई आणि पर्यटकांचा त्रास. ती यादी सरसकट 'उंदीर' मोजत नाही, एकेक जात मोजते. कृंतक म्हणजे कुरतडणाऱ्या प्राण्यांच्या गणात दोन हजारांवर जाती आहेत, आपलं शेकरूही त्यातलंच, मग शेकरूलाही औषध टाकणार का? माळ्यावरचा काळा उंदीर जगभर आहे, त्याला काही होत नाही, हा मात्र पुण्याजवळच्या सह्याद्रीबाहेर कुठे नाही. गडावर टाकलेलं विष आधी कोण खाईल ते कुणी बघणारे का?

वाटी मी ओतून टाकली. मेसेज टाकणाऱ्या काकांना फोन केला, त्यांनी तो डिलीट केला, पण त्यांच्या सोसायटीच्या ग्रुपवर अजून फिरतोय.