चादरीच्या कोपऱ्याचं कारण

नर्सिंगच्या प्रोसिजर बुकात प्रत्येक पानावर दोन रकाने असतात. डावीकडे काय करायचं ते, उजवीकडे ते का करायचं ते. डावा रकाना कोणालाही थोड्या सरावानं जमतो. उजव्या रकान्यासाठी विद्यापीठाची पदवी लागते.

या उजव्या रकान्याला आमच्याकडे रॅशनाल म्हणतात. ‘पेशंटला स्वतःचं नाव सांगा.’ का? रुग्णाची भीती कमी होते व सहकार्य मिळते. ‘पडदा ओढून घ्या.’ का? रुग्णाचा खासगीपणा जपला जातो. ‘सामान हाताशी ठेवा.’ का? वेळ व श्रम वाचतात. हे शेवटचं रॅशनाल निम्म्या प्रोसिजरना चालतं, त्यामुळे काही सुचेनासं झालं की सगळा वर्ग तेच लिहितो. तपासणाऱ्या मॅडमनाही ते माहीत आहे. त्याही एकेकाळी तेच लिहून पास झालेल्या आहेत, असा माझा दाट संशय आहे.

पहिलं सेमिस्टर जवळजवळ चादरीत जातं. लोकांना वाटतं, नर्सिंग म्हणजे इंजेक्शन. नाही. नर्सिंग म्हणजे आधी बेडमेकिंग. रिकामा बेड, पेशंट झोपलेला असतानाचा बेड, ऑपरेशनहून येणाऱ्याचा बेड, हृदयरोग्याचा बेड, एवढे प्रकार. कोपरा पंचेचाळीस अंशांत दुमडायचा. चादरीला एकही सुरकुती चालत नाही, कारण सुरकुतीनं कातडीवर दाब येतो आणि पडून राहिलेल्या माणसाला बेडसोर, म्हणजे दाबाची जखम, व्हायला हातभार लागतो. हे कारण पटण्यासारखं आहे. चादर झटकायची नाही, कारण धुळीबरोबर जंतू उडतात. हेही पटतं. उशीच्या अभ्र्याचं उघडं तोंड मात्र दाराकडे नको. का? ‘नीटनेटकं दिसतं.’ एवढंच! जंतू नाहीत, रक्ताभिसरण नाही, काही नाही. चार ओळींचा रकाना आणि त्यात दोन शब्द. मी अक्षर मोठं काढून तो भरला.

दुसरा मोठा विषय हात धुणं. साबण-पाण्यानं पूर्ण प्रक्रियेला चाळीस ते साठ सेकंद लागले पाहिजेत, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. तळवे, हातांच्या पाठी, बोटांच्या बेचक्या, अंगठे, नखांची टोकं, सगळं क्रमानं. या पाठाला सेमेलवाइस नावाच्या डॉक्टरची गोष्ट हमखास येते. १८४७ मध्ये व्हिएन्नाच्या प्रसूतिगृहात त्यानं डॉक्टरांना क्लोरिनच्या द्रावणात हात धुवायला लावले आणि बाळंतिणींचे मृत्यू धडाधड कमी झाले. तरी बड्या डॉक्टरांनी त्याचं ऐकलं नाही. आमच्या भाषेत सांगायचं तर त्याचा डावा रकाना शंभर टक्के बरोबर होता, पण उजवा कोणाला पटला नाही. जंतूंचा सिद्धान्त रुजायला अजून वेळ होता आणि हाताला प्रेताचे कण चिकटतात, या त्याच्या रॅशनालवर परीक्षक समाधानी नव्हते. शेवटी त्याला वेड्यांच्या इस्पितळात टाकलं आणि १८६५ मध्ये तो तिथंच गेला. त्या मानानं आम्ही नशीबवान. आमचे फक्त दोन मार्क जातात.

स्किल लॅबमधला मॅनिकिन, म्हणजे सरावासाठीचा माणसाएवढा पुतळा, हा जगातला सर्वांत गुणी पेशंट. त्याची शीर जागच्या जागी असते. तो ‘दुखेल का?’ विचारत नाही. त्याला इंजेक्शन देताना स्नायूत नव्वद अंश, कातडीखाली पंचेचाळीस, कातडीत दहा ते पंधरा, असे कोन भूमितीच्या पेटीतून काढल्यासारखे जमतात. त्याला नातेवाईक नाहीत, हा त्याचा सर्वांत मोठा गुण. मग एके दिवशी वॉर्डात पोस्टिंग लागतं आणि कळतं, की खरी माणसं हलतात.

श्वास मोजण्याचंच घ्या. टीपीआर म्हणजे तापमान, नाडी आणि श्वसन. तापमान यंत्र सांगतं. नाडी बोटांना लागते. श्वास मोजताना मात्र पेशंटला कळू द्यायचं नाही, कारण कळलं की तो वेगळाच श्वास घ्यायला लागतो. कोणी भात्यासारखा ओढतो, कोणी मोजणी होईपर्यंत रोखूनच धरतो. म्हणून युक्ती अशी, की नाडी मोजून झाली तरी मनगट सोडायचं नाही. चेहऱ्यावर नाडीचाच भाव ठेवायचा आणि डोळ्याच्या कोपऱ्यातून छातीची वर-खाली पूर्ण एक मिनिट मोजायची. थोडक्यात, विद्यापीठ आम्हाला अभिनय शिकवतं आणि गुण शरीरशास्त्राचे देतं.

माझ्या पहिल्याच पोस्टिंगमधले एक आजोबा या अभिनयाला बधले नाहीत. मी मनगट धरून घड्याळाकडे बघतोय, आकडा अकरावर आलाय, तेवढ्यात म्हणाले, “उशीर होतोय का तुम्हाला?”

“नाही आजोबा, नाडी बघतोय.”

“मघाशी बघून लिहिलीत की.”

“परत बघतोय.”

“म्हणजे काहीतरी आहे!” आणि त्यांचा श्वास एकदम वाढला. आता तो पहिल्यापासून मोजायला हवा होता. शेजारच्या खाटेवरचे गृहस्थ उठून बसले आणि त्यांनी स्वतःचं मनगट आपणहून पुढे केलं.

गणिताची कटकट नको म्हणून मी जीवशास्त्राकडे वळलो होतो. सलाईनच्या बाटलीनं तो हिशेब चुकता केला. एक हजार मिली आठ तासांत द्यायचंय, नळीच्या सेटमधून एका मिलीला वीस थेंब पडतात, तर मिनिटाला किती थेंब? हजार गुणिले वीस, भागिले चारशे ऐंशी. सुमारे बेचाळीस. हे कागदावर. प्रत्यक्षात खाटेशेजारी उभं राहून एक डोळा थेंबांवर, एक घड्याळावर ठेवून नळीवरचा रोलर एवढासा सरकवत बेचाळीस आणायचे. आणले, की पेशंट हात डोक्याखाली घेतो. सलाईन गुरुत्वाकर्षणावर चालतं, त्याला हात कुठं आहे याचा फरक पडतो, सव्वीसवर येतं. पुन्हा बेचाळीस आणावेत, तर भेटायला आलेला मेहुणा “लवकर संपलं तर बरं ना?” म्हणत रोलरकडे हात नेतो. त्याला थांबवण्याचं रॅशनाल कुठल्याच पुस्तकात नाही, ते जागच्या जागी सुचावं लागतं.

गणिताबद्दल तक्रार करायची सोयही ठेवलेली नाही. फ्लॉरेन्स नाइटिंगेल म्हटलं की लोकांना दिवा आठवतो. मॅडमना तक्ते आठवतात. क्रिमियाच्या युद्धात सैनिक जखमांपेक्षा रोगांनी जास्त मरत होते, हे बाईंनी १८५८ मध्ये पाकळ्यांसारख्या रंगीत आकृत्या काढून सरकारच्या गळी उतरवलं आणि लंडनच्या संख्याशास्त्र संस्थेनं त्यांना सदस्य करून घेतलं. तेव्हापासून नर्सिंग आणि संख्याशास्त्र हे लग्न लागलेलं आहे आणि त्या संसाराची फी आम्ही भरतो.

नर्सिंगच्या सिद्धान्तांचा एक वेगळा पेपर असतो. व्हर्जिनिया हेंडरसन यांनी माणसाच्या चौदा मूलभूत गरजा सांगितल्या: श्वास घेणं, खाणं-पिणं, उत्सर्जन, हालचाल, झोप, योग्य कपडे, असं करत काम, करमणूक, शिकणं. त्या गरजा पेशंटला स्वतः भागवता येत नसतील तिथं नर्सनं हात द्यायचा. परीक्षेच्या आदल्या रात्री आमच्या खोलीत कोणीतरी ही यादी आमच्यावरच लावून बघितली. श्वास चालू होता. कपडे, म्हणजे युनिफॉर्म, इस्त्रीचे होते. झोपेपासून पुढे परिस्थिती गंभीर होती. मार्था रॉजर्स यांच्या मते माणूस हे एक ऊर्जाक्षेत्र आहे आणि त्याची भोवतालच्या ऊर्जाक्षेत्राशी सतत देवाणघेवाण चालते. मॉर्निंग ड्युटीला सात वाजता वॉर्डात उभं राहिल्यावर मला हा सिद्धान्त तपासून बघावासा वाटतो. देवाण दिसते, घेवाण दिसत नाही.

आणि मग केअर प्लॅन, म्हणजे एकेका पेशंटच्या शुश्रूषेचा लेखी आराखडा. रोगाचं निदान डॉक्टर करतात. त्या रोगामुळे माणसाची जी पंचाईत होते तिचं निदान नर्स करते. १९७३ मध्ये अमेरिकेत याच कामासाठी पहिली परिषद भरली आणि पंचाइतींची रीतसर वर्गवारी सुरू झाली. त्यातल्या पद्धतीनं समस्या, तिचं कारण आणि तिचा पुरावा एका वाक्यात बसवावा लागतो. एकदा माझ्या पेशंटला शेजारच्याच्या घोरण्यानं झोप येत नव्हती. मी लिहिलं: ‘झोपेत व्यत्यय, कारण, परिसरातील आवाज, पुरावा, रुग्ण म्हणतो, एकतर त्याला हलवा नाहीतर मला घरी सोडा.’ उद्दिष्ट: रुग्णास सलग चार तास झोप लागेल. उपाय: दिवे मंद केले, खाट बदलण्याबाबत सिस्टरना कळवलं, आधार दिला. आधार म्हणजे मी त्यांच्याजवळ बसून तेच घोरणं ऐकलं. मूल्यमापन: उद्दिष्ट अंशतः साध्य. शेजारच्या रुग्णाचं पूर्णपणे साध्य.

एवढं सगळं करून नातेवाइकांत गेलं, की मामा विचारतात, “नर्सिंगला डिग्री कशाला लागते?” त्यांच्या मते हा मनाचा चांगुलपणा आहे, तो विद्यापीठात कसा शिकवणार? मी त्यांना सांगतो, मामा, मिनेसोटा विद्यापीठानं १९०९ मध्येच नर्सिंगचं शिक्षण आपल्याकडे घेतलं, हा वाद मिटून शतक उलटलं. मामा म्हणतात, “बरं बरं. पण मुलगा असून?” यावर माझ्याकडे तयार रॅशनाल नाही. वॉर्डात तर मी ॲप्रन घालून शिरलो, की पेशंट मला डॉक्टर म्हणतात आणि माझ्यामागून येणाऱ्या डॉक्टर बाईंना बेडपॅन मागतात. मामांचं म्हणाल, तर प्रश्न विचारून झाल्यावर बीपी बघायला मात्र ते बाही आधीच वर करून बसलेले असतात. कफ बांधला की बोलायला लागतात, मग मी त्यांना गप्प राहायला सांगतो. बोलल्यानं बीपी वाढीव येतं, हे इतकं सोयीचं रॅशनाल आहे, की मी बीपी दोनदा बघतो.

वार्षिक प्रॅक्टिकलला मला आला ऑक्युपाइड बेड. पेशंट खाटेवरच, चादर त्यांच्याखालून बदलायची. पाय प्लास्टरमध्ये असलेले एक काका होते, बरेच आठवडे त्याच खाटेवर पडून. बाहेरून आलेल्या परीक्षक मॅडम पायाशी उभ्या राहिल्या. मी नाव सांगितलं, पडदा ओढला, हात धुतले, काकांना प्लास्टर सांभाळत कुशीवर वळवलं आणि जुनी चादर त्यांच्या पाठीपर्यंत गुंडाळत नेली.

“चादर आतल्या बाजूला का गुंडाळली?” मॅडमनी विचारलं.

मी तोंड उघडलं, तेवढ्यात पलीकडे तोंड करून पडलेले काका म्हणाले, “मळकी बाजू आत राहते. जंतू पसरत नाहीत.”

मॅडमनी चष्म्यावरून बघितलं. मी नवी चादर पसरली, कोपरा दुमडला.

“आणि सुरकुती का नको?”

“बेडसोर होतो,” काका म्हणाले. “दर दोन तासांनी कूसही बदलावी लागते. परवा एक मुलगी आली होती, तिनं नाही बदलली. मी सांगितलं तिला.”

मॅडमनी माझ्या नावापुढचं पेन उचललं आणि खाटेच्या त्या बाजूला गेल्या. “बरं,” त्या काकांना म्हणाल्या, “अभ्र्याचं तोंड दाराकडे का नको?”

काका पहिल्यांदाच अडखळले. त्यांनी मान वळवून माझ्याकडे बघितलं. मी ओठ न हलवता, नाडी मोजतानाचा चेहरा ठेवून, त्यांना उत्तर सांगायला लागलो.