पोराला मैत्री लागलीय? वेळीच सावध व्हा

तुमचा पोर बांबोळीच्या ट्रॅकवर हाय जंपच्या प्रॅक्टिसला जातो, चांगलंच आहे, पण येताना कोणाच्या स्कूटरवरून येतो ते कधी बघितलंत का? म्हापशाच्या त्या पोराच्या, जो स्टेट मीटला दर खेपेला याच्यापेक्षा वर उडी मारतो त्याच्याच! वर दोघं पणजीत थांबून एकाच प्लेटमध्ये रॉस ऑम्लेट खातात. म्हणजे रोग बराच आत गेलाय.

हसू नका. 2021 च्या ऑगस्टमध्ये टोकियो ऑलिम्पिकच्या हाय जंपला काय झालं आठवतंय ना? कतारचा बार्शिम आणि इटलीचा तांबेरी, दोघांची 2.37 मीटर, दोघंही 2.39 ला तीन-तीनदा अडकले, अधिकारी बिचारा नियमाप्रमाणे जंप-ऑफचं, म्हणजे एकच जिंकेपर्यंत पुन्हा उड्या मारायचं, सांगत होता, आणि बार्शिम विचारतो काय, तर दोन गोल्ड मिळतील का! मिळतील म्हटल्यावर तांबेरीने सरळ त्याच्या अंगावरच उडी मारली. शोभतं का हे? एवढं करून हरलं कोण? कोणीच नाही! जुनी दोस्ती, त्यात दोघंही मोठ्या दुखापतीतून उठलेले, मग दुसरं काय होणार. म्हणून सांगतो, समोरच्याचा पाय दुखावलाय हे पोराला कळूच देऊ नका. कळलंच तर आनंद कसा मानायचा ते शिकवा, तेवढं तुम्हाला जमतं.

आणि हे आजचं नाही हां. 1936 ला बर्लिनमध्ये पोल व्हॉल्टचे दोन जपानी, निशिदा आणि ओए, आपसात लढायला तयारच नाहीत. एकाला सिल्व्हर, दुसऱ्याला ब्राँझ दिलं तर घरी जाऊन दोन्ही मेडलं अर्धी कापून जोडून घेतली. चांगल्या मेडलांची वाट लावली.

निदान आईबापांनी तरी नीट वागावं. पॅरिसला 2024 मध्ये पाकिस्तानच्या अर्शद नदीमचा भाला 92.97 मीटर गेला, आपला नीरज 89.45 वर सिल्व्हर, आणि नीरजची आई म्हणते तोही आपलाच मुलगा! अर्ध्या रात्रीपर्यंत जागून शिव्या तयार ठेवून बसलेल्या आमच्यासारख्यांनी मग करायचं काय?

तेव्हा पुढच्या मीटला म्हापशाच्या त्या पोराच्या आईपासून चार हात लांब बसा. ती लाडवांचा डबा पुढे करेल, घेऊ नका, कारण डबा रिकामा परत देता येत नाही, मग तुम्हाला नेवऱ्या कराव्या लागणार, आणि त्या तिचा पोर खाणार.