ताप उतरला म्हणे!

आज सकाळी सोसायटीच्या ग्रुपवर तिसऱ्या मजल्यावरच्या काकांचा मेसेज आला. "नातीचा डेंग्यूचा ताप काल रात्री उतरला. देवाची कृपा. पपईच्या पानांचा रस चालू आहे." खाली बावीस जणांचे जोडलेले हात. मी एवढंच विचारलं, "पोटात दुखत नाही ना? लघवी नीट होतेय ना?" तर एकाचं लगेच उत्तर, "ताई, सकाळी सकाळी निगेटिव्ह नको."

निगेटिव्ह. बरं.

माझ्या दादाचाही ताप पाचव्या दिवशी असाच उतरला होता. घामाने बनियन भिजलं, आई म्हणाली, "घाम सुटला, आता गेला ताप." वहिनीने मऊ भात केला, वर मेतकूट आणि तूप. दादाने दोन घास खाऊन ताट सरकवलं. पोट दुखतंय म्हणाला. आम्ही काय केलं? ओवा दिला. चावून खा, गॅस असेल. दुपारी दोनदा उलटी झाली, तर म्हणे तूप जड गेलं. मग तो भिंतीकडे तोंड करून पडून राहिला आणि आम्ही टीव्हीचा आवाज कमी केला, झोपू दे म्हणून!

अरे, डेंग्यूत खरा धोका ताप उतरतानाच असतो. तिसऱ्या ते सातव्या दिवसात कधीतरी ताप खाली येतो, आणि काही जणांच्या रक्तवाहिन्यांतून त्याच वेळी पाणी बाहेर झिरपायला लागतं. आतलं रक्त घट्ट होतं, बीपी पडतं. पोटात सतत दुखणं, उलट्या न थांबणं, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, हातपाय गार, माणूस सुस्त नाहीतर चिडचिडा, लघवी कमी. यातलं एक जरी दिसलं तरी रिपोर्टची वाट बघायची नसते, थेट हॉस्पिटल गाठायचं. गाडी नसेल तर १०८.

आणि अंग दुखतंय म्हणून मेडिकलमधून ब्रुफेन नाहीतर डायक्लोफेनॅक आणून देणाऱ्यांना तर हात जोडते. त्याने रक्तस्राव वाढू शकतो. पॅरासिटामॉल, तेही डॉक्टर सांगतील तेवढंच.

पपईच्या रसाने पेशी, म्हणजे प्लेटलेट्स, थोड्या वाढतात असं काही अभ्यासांत दिसलंय, मान्य. पण झिरपणं त्याने थांबत नाही.

दादाला वाचवलं ते शेजारच्या सिस्टरने. ड्यूटीवरून परतताना सहज डोकावली. त्याचं नख दाबलं, सोडलं. पांढरं पडलेलं नख गुलाबी व्हायलाच तयार नाही. पर्ससुद्धा खाली न ठेवता म्हणाली, "उठा, निघा." कॅज्युअल्टीत डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "शेवटची लघवी कधी झाली?" पेशी ९२ हजार, हे आम्हा चौघांनाही तोंडपाठ. लघवीचं एकालाही सांगता येईना. ती शांतता मला अजून ऐकू येते. सहा दिवस आयसीयू.

बहुतेकांचा डेंग्यू घरीच बरा होतो, हेही खरं. उगाच भरती करून बिल फुगवणारे आहेत, नाही कोण म्हणतंय? पण म्हणून विचारायचंसुद्धा नाही?

फॉगिंगची गाडी आली की हेच लोक खूश. धुराने उडते डास मरतात, पाण्यातल्या अळ्या तशाच राहतात. अंड्यातून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात, म्हणून आठवड्यातून एकदा भांडी, कुंड्यांखालच्या बशा, फ्रिजमागचा ट्रे रिकामा करून घासायचा. हा डास चावतोही दिवसा, रात्रीच्या मच्छरदाणीवर निर्धास्त राहू नका. दादाकडे अळ्या सापडल्या त्या मनीप्लांटच्या बाटलीत. वहिनी, तुला बोलत नाहीये गं. तशीच बाटली माझ्याही खिडकीत होती.

काकांवरही राग नाही खरं तर. नात आहे त्यांची. पाच दिवस झोपले नसतील. चांगली बातमी आली की माणूस तिला घट्ट धरतो, आम्हीही धरली होती.

थांबा, त्या मुलीच्या आईचा वेगळा मेसेज आलाय. "ताई, सकाळपासून एकदाच गेलीये. पोट धरून बसलीये. वर येता का?"

जातेय. सोसायटीत कोणाची गाडी खाली असेल तर गेटपाशी काढून ठेवा.