विचारांवरून नोकरी जावी का?

कट्टर विचारांच्या माणसाला कामावरून काढावं का, यावर माझं मत ठाम आहे. त्याचं वागणं बघा, पक्ष बघू नका. उदाहरण मुद्दाम अशा माणसाचं घेतेय ज्याचं राजकारण मला किळसवाणं वाटतं.

आर्थर रेडफर्न इंग्लंडमधल्या ब्रॅडफर्डला सर्को कंपनीत ड्रायव्हर होता. अपंग मुलांची आणि मोठ्यांची ने-आण करायचा. प्रवाशांपैकी 70 ते 80 टक्के आशियाई वंशाचे. सुपरवायझरही आशियाई, आणि त्यानेच याचं नाव ‘उत्कृष्ट कर्मचारी’ म्हणून सुचवलेलं. जून 2004 मध्ये रेडफर्न ब्रिटिश नॅशनल पार्टीचा नगरसेवक झाला. तेव्हा त्या पक्षात फक्त गोऱ्यांना प्रवेश होता. 30 जूनला कंपनीने त्याला तडकाफडकी काढलं. प्रवासी आणि घरचे धास्तावतील, गाड्या फोडल्या जातील, कंत्राट जाईल, असं कंपनीचं म्हणणं.

ही भीती मला समजते. बोलता न येणारं आपलं मूल रोज अशा माणसाच्या गाडीत बसवायचं, तर कोणत्याही आईच्या पोटात गोळा येईल. पण त्याचं राजकारण उघड होईपर्यंत एकाही प्रवाशाने किंवा सहकाऱ्याने त्याच्याविरुद्ध तक्रार केलेली नव्हती. प्रवाशांशी संबंध येणार नाही असं दुसरं काम देता येईल का, याचा विचारही झाला नाही. वय 56, म्हणजे दुसरी नोकरी मिळणं अवघडच.

दाद मागायला गेला तर अन्यायकारक बडतर्फीच्या दाव्याला वर्षभराची नोकरी लागायची. याची सातच महिने झालेली. मग त्याने वंशभेदाचा दावा लावला, तो 2006 मध्ये अपील कोर्टात फेटाळला गेला. शेवटी 6 नोव्हेंबर 2012 ला स्ट्रासबर्गच्या युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने 4 विरुद्ध 3 मतांनी ब्रिटनला दोषी धरलं. त्याला काढणं चूकच होतं, असं न्यायालय म्हणालं नाही. त्याची बाजू तपासणारी जागाच कायद्यात नव्हती, हा दोष. म्हणून 25 जून 2013 पासून राजकीय मतांमुळे किंवा पक्षामुळे काढलेल्यांना ती मुदतीची अट उरली नाही. दावा जिंकेलच असं नाही, पण कंपनीला कारण सिद्ध करावं लागतं. मला हे योग्य वाटतं.

आपल्याकडे सरकारी नोकराला संविधानाचा आधार आहे. संघ आणि जनसंघाच्या कार्यक्रमांत भाग घेतला, या पोलीस अहवालावरून मध्य प्रदेशातल्या एका शिक्षकाची नोकरी गेली होती. 1983 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याच्या बाजूने निकाल दिला. खासगी कंपनीत मात्र ‘कामगार’ या व्याख्येत बसलात तरच कामगार कायद्याचं संरक्षण. मॅनेजरच्या हातात बहुतेक वेळा नेमणूकपत्रातली नोटीस पीरियडची ओळ, बस.

एचआरवाल्यांना एवढंच सांगेन. तक्रार आली की आधी ती लेखी घ्या. कोण, कुठे, कोणत्या तारखेला, नेमकं काय बोललं किंवा केलं, साक्षीदार कोण. सोशल मीडियावरची पोस्ट असेल तर तारखेसकट पूर्ण स्क्रीनशॉट, कापलेला नको. तोवर शिफ्ट किंवा जागा बदलता येते. आरोपपत्रात नुसतं ‘कंपनीच्या प्रतिमेला धक्का’ लिहिलंत तर उलटतपासणीत पहिलाच प्रश्न येतो, ‘कोणता धक्का, कधी?’ आणि चौकशी तिथेच कोसळते. सहकाऱ्याला जातीवरून किंवा धर्मावरून शिवी दिली, त्याच्या हाताखाली काम करायला नकार दिला, धमकावलं, तर ते गैरवर्तन म्हणून सरळ लिहा. तिथे त्याचा पक्ष काढायची गरजच पडत नाही.