हाकेच्या अंतरावर

आमच्या घरात हाक मारली की ती पोचते. स्वयंपाकघरातून निघालेली हाक राजांगण ओलांडून, तुळशीला वळसा घालून सोप्यावर बसलेल्या माणसापर्यंत येते. आणि त्या माणसाने ती ऐकू न आल्याचे सोंग केले, तर दुसरी हाक नावाऐवजी आडनावाने येते. फोंडा तालुक्यातले हे घर पणजोबांनी बांधले तेव्हा चारी बाजूंना खोल्या आणि मध्ये उघडे राजांगण एवढीच दळणवळणाची व्यवस्था होती, व ती आजही बिनतक्रार चालते. अशा घरात, एकाच खोलीत, एकमेकांपासून आठ हातांवर असलेल्या माझ्या मोबाइलला आणि माझ्या टीव्हीला परस्परांचा पत्ता लागू नये, आणि त्यांची गाठ घालून देण्यात माझा श्रावणातला अख्खा आठवडा जावा, हे मला अजूनही पटलेले नाही.

निमित्त बारशाचे होते. माझा पुतण्या डब्लिनला असतो. त्याला मुलगी झाली, दादा आणि वहिनी तिकडे गेले, आणि बारशाचा सोहळा इकडच्या सगळ्या नातेवाइकांना घरबसल्या पाहता यावा म्हणून पुतण्याने थेट प्रक्षेपणाचा एक खासगी दुवा पाठवला. तो दुवा मोबाइलवर एका बोटाने उघडत होता. पण आमची आत्या ब्याऐंशी वर्षांची आहे. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर तिला समोरच्या टेकडीवरच्या माडाला किती नारळ लागले आहेत ते दिसते, पण हातातल्या मोबाइलवरचे माणूस दिसत नाही. शिवाय तिचा या बारशात हक्काचा वाटा होता. बाळाच्या कानात कुर्र करायला आत्या लागते. पुतण्याला सख्खी बहीण नाही. आणि तीन पिढ्यांची आत्या घरात बसलेली असताना हे काम डब्लिनमधल्या कुठल्याशा मैत्रिणीने करावे, हे तिला मान्य नव्हते.

"मोठ्या टीव्हीवर लाव," ती म्हणाली. "मी इथून करीन कुर्र."

हे प्रक्षेपण एकतर्फी आहे, आपले बोलणे तिकडे ऐकू जाणार नाही, असे मी सांगून पाहिले. "देवाला तरी कुठे उलट ऐकू येतं?" असे उत्तर आल्यावर मी टीव्ही लावला.

टीव्ही गेल्या चवथीला घेतलेला, चांगला हुशार म्हणून विकला गेलेला. मोबाइलवर पडदा दाखवण्याचे चिन्ह दाबले की एक वर्तुळ फिरू लागे आणि 'उपकरणे शोधत आहे' असे लिहून येई. समोर भिंतभर टीव्ही उभा असताना त्याला शोधणे म्हणजे चष्मा डोळ्यांवर ठेवून चष्मा शोधण्यातला प्रकार होता. दहा-बारा प्रयत्नांनंतर तो एकदाचा सापडला. पडद्यावर माझ्या मोबाइलचे प्रतिबिंब उमटले, आत्याने हात जोडले, आणि त्याच क्षणी चित्र गोठले. मोबाइल तापला होता, आणि पाऊण तासापूर्वी सत्तर टक्के असलेली त्याची बॅटरी एकतीसवर आली होती.

चिरंजीव इंजिनिअरिंगला आहेत. शनिवारी घरी आल्यावर त्यांनी निदान केले. "बाबा, तुम्ही मिररिंग करताय. कास्टिंग करा." या दोहोंतला फरक त्याने मला इतक्या सहनशीलतेने समजावला की त्याला लहानपणी पाढे शिकवताना मी दाखवलेल्या अधीरतेची मला लाज वाटली. मिररिंगमध्ये मोबाइल आपल्या पडद्यावरचे प्रत्येक चित्र क्षणोक्षणी दाबून लहान करतो आणि स्वतः टीव्हीकडे वाहून नेतो. कास्टिंगमध्ये तो टीव्हीला नुसता पत्ता सांगतो; पुढे टीव्ही स्वतःच इंटरनेटवरून चित्र आणून घेतो आणि मोबाइल केवळ रिमोटपुरता उरतो. माझ्या डोक्यात हे पोदेराच्या, म्हणजे आमच्या पाववाल्याच्या, रूपाने शिरले. पहिल्या रीतीत मी बेकरीत जाऊन एकेक पाव हातातून धावत घरी आणायचा. दुसरीत पोदेराला घर दाखवून द्यायचे, म्हणजे तो सायकलचा भोंगा वाजवत दारात येतो. आठवडाभर मी पावामागे धावत होतो.

पण पत्ता सांगितल्यावरही पाव येईना, कारण वाट अडलेली होती. फायबरची वायर रस्त्यावरच्या खांबावरून आली, ती सोप्यावर थांबली. जोडणी करायला आलेल्या मुलाने आतल्या भिंतीवर ड्रिल टेकवून पाहिले आणि "काका, हे काय बांधलंय?" असे विचारून राऊटर तिथेच खुंटीवर, आजोबांच्या छत्रीशेजारी टांगला. आमच्या भिंती दोन फूट जाडीच्या चिऱ्याच्या, म्हणजे जांभ्या दगडाच्या, आहेत, आणि पावसाळ्यात चिरा पाणी पिऊन बसतो. राऊटरजवळ दोन प्रकारच्या लहरी असतात. 5 गिगाहर्ट्झची लहर मोकळ्या रस्त्याने वेगात धावते, पण भिंत आली की हातपाय गाळते. 2.4 गिगाहर्ट्झची लहर गावातल्या मिनीबससारखी. जमेल तितक्या भिंती ओलांडून आतपर्यंत येते, पण तिच्यात शेजाऱ्यापाजाऱ्यांसकट सगळ्यांची गर्दी. आमच्या टीव्हीपर्यंत मध्ये दोन भिंती, आणि त्यांच्या पलीकडे सोफ्यावर आत्या.

जगदीशचंद्र बोस यांनी 1895 साली कलकत्त्याच्या टाउन हॉलमध्ये भिंतींमधून, शिवाय मध्ये असलेल्या लेफ्टनंट गव्हर्नरांच्या देहामधून बिनतारी लहर पाठवून पलीकडची घंटा वाजवली होती आणि बंदुकीची दारू उडवली होती. सव्वाशेहून अधिक वर्षांनंतर, शंभर एमबीपीएस वेगाचे मासिक शुल्क भरून, मला फक्त पाच एमबीपीएस इतकीच लहर आत्यापलीकडे न्यायची होती. तेवढ्यात चित्र स्वच्छ दिसते. लेफ्टनंट गव्हर्नर आमच्या आत्यापेक्षा सडपातळ असावेत, किंवा कलकत्त्याला चिरा मिळत नसावा.

मग राऊटरची लहर झेलून पुढे पाठवणारा रिपीटर आणला. तो राऊटर आणि टीव्ही यांच्या मध्यावर लावायचा असतो, आणि आमच्या घराचा मध्य म्हणजे राजांगण, जिथे श्रावणात आकाशातून पाणी पडते. अखेर चवथीच्या तयारीसाठी माळ्यावरून खाली काढलेली माटोळीची, म्हणजे गणपतीच्या डोक्यावर फळे टांगायची, चौकट उपयोगी आली. ती ओसरीच्या वाशाला तात्पुरती टांगली आणि जिथे कांगले आणि तोरिंगे लटकायची, तिथे सुंभाने रिपीटर बांधला. त्याचे दोन्ही अँटेना वर करून तो हिरवा दिवा लुकलुकवू लागला तेव्हा शेजारच्या काकूंनी यंदा माटोळी लवकर का, असे विचारले. रिपीटरला वीज हवी, म्हणून एक्स्टेन्शन बोर्ड आला. त्या संध्याकाळी मी सहज मोजले. टीव्हीची एक, राऊटरची एक, फायबरची एक, फायबरच्या डबीची एक, रिपीटरची एक, एक्स्टेन्शनची एक आणि मोबाइलच्या चार्जरची एक, अशा सात वायरींनी आमची बिनतारी व्यवस्था उभी होती. त्यांतल्या एकीला अडखळून मी पडलोही, पण ते विषयाला सोडून होईल.

व्यवस्था चालू झाली, आणि रोज संध्याकाळी साडेपाचला दोन मिनिटे बंद पडू लागली. याचा उलगडा योगायोगाने झाला. साडेपाच ही माझ्या दुसऱ्या चहाची वेळ. तो चहा सकाळचाच असतो आणि सौ. तो मायक्रोवेव्हमध्ये गरम करते. मायक्रोवेव्ह ओव्हन 2.45 गिगाहर्ट्झवर चालतो, म्हणजे आमच्या मिनीबसच्याच रस्त्यावर. त्याच्या दारातून निसटलेली किंचित ऊर्जा राऊटरचा आवाज बुडवायला पुरते. मी हे शास्त्र सौ.ला सांगितल्यावर तिने चहा गॅसवर ताजा करून द्यावा, ही माझी अपेक्षा होती. तिने चहा बंद केला.

मधल्या एका दिवशी मेहुणा आला. त्याने आपला आयफोन काढून "माझ्यावरून लाव, लगेच लागेल" असे सांगितले आणि तो टीव्हीला दिसलाच नाही. ॲपलने 2010 साली एअरप्ले काढला, वाय-फाय अलायन्सने 2012 साली मिराकास्ट, गूगलने 2013 साली क्रोमकास्ट. मोबाइलवरचे टीव्हीवर दाखवायचे हे तिघांचे काम एकच, आणि तिघांना एकमेकांची भाषा येईलच असे नाही. आमच्या घरात सकाळपासून कोकणीत भांडण होते, मराठीत पत्र लिहिले जाते, जमिनीचे कागद पोर्तुगीजमध्ये आहेत आणि विजेचे बिल इंग्रजीत येते. तरी कुणाचे काही अडलेले नाही. मेहुण्याने जाताना टीव्ही बदलण्याचा सल्ला दिला.

बारशाच्या आदल्या संध्याकाळी रंगीत तालीम ठेवली. आत्याच्या आवडीचे एक कीर्तन लावले. बुवा पूर्वरंग संपवून आख्यानाला हात घालणार, तोच ते हात वर केलेल्या अवस्थेत थांबले. मी पुन्हा सुरू केले. पुन्हा थांबले. तिसऱ्या खेपेला बुवा नाहीसेच झाले आणि त्यांच्या जागी क्रिकेटचा सामना सुरू झाला. आत्याने दोन षटके शांतपणे पाहिली आणि आख्यान कुठले आहे असे विचारले.

परसाकडच्या दोन खोल्या आम्ही पर्यटकांना देतो. त्यांत तेव्हा दोन तरुण उतरले होते, आणि वाय-फायचा पासवर्ड मी स्वतः सुवाच्य अक्षरात लिहून त्यांच्या दाराला चिकटवला होता. सकाळी त्यांतला एक जण अदबीने येऊन म्हणाला, "अंकल, रूमचा टीव्ही कनेक्ट होतो पण चित्र येत नाही. कुणाचं तरी भजन चालू दिसतं मोबाइलवर, ते पण आम्ही बंद करून पाहिलं."

खरे तर यात त्याचा दोष नव्हता. मोबाइल टीव्हीला शोधतो तो अक्षरशः हाक मारून. जाळ्यावरच्या सगळ्यांना उद्देशून तो 'इथे टीव्ही कोण आहे?' असे ओरडतो आणि जो टीव्ही असेल तो 'मी' म्हणतो. हाक कुणाची आहे, घरच्याची की पाहुण्याची, हे टीव्ही पाहत नाही. शिवाय दोन्ही टीव्हींचे नाव कारखान्यातूनच 'लिव्हिंग रूम' असे आलेले. वास्तविक सोपा, ओसरी, राजांगण, देवघर, माजघर हे सगळे असलेल्या आमच्या घरात लिव्हिंग रूम तेवढी नाही.

चिरंजीवांनी पाहुण्यांसाठी वेगळे नेटवर्क काढले. या 'गेस्ट' नेटवर्कवरची हाक घरच्या नेटवर्कवर ऐकू जात नाही. सोवळ्याओवळ्यासारखी सोय आहे. मग त्यांनी आतल्या टीव्हीचे नावही बदलले आणि ते 'आत्या' असे ठेवले. त्यामुळे दुपारी तीन वाजून दहा मिनिटांनी, डब्लिनला अकराचा मुहूर्त गाठायला वीस मिनिटे उरली असताना, माझ्या मोबाइलवर आलेली अक्षरे अशी होती: 'आत्या सापडली नाही.'

आत्या समोर नऊवारी नेसून, हातात बाळलेणे घेऊन बसली होती. पाच मिनिटांनी 'आत्या उपलब्ध नाही' असे आले. ते सौ.ने माझ्या खांद्यावरून वाचले आणि मोबाइल पालथा ठेवायला सांगितले. आणखी पाच मिनिटांनी चिरंजीवांच्या लक्षात आले की पाहुण्यांचे नेटवर्क नीट चालते की नाही हे पाहण्यासाठी मी सकाळी माझाच मोबाइल त्यावर जोडला होता आणि तिथेच विसरलो होतो. म्हणजे माझ्याच घरात मी परसाकडचा पाहुणा झालो होतो. मोबाइल घरच्या नेटवर्कवर आणला, चिन्ह दाबले, 'आत्याशी जोडले' असे आले, आणि तीन वाजून सत्तावीस मिनिटांनी डब्लिनमधला एक स्वच्छ दिवाणखाना आमच्या भिंतीवर उतरला. पाळणा, झेंडूच्या कागदी माळा, दादाचा कोट. पाऊस जोरात होता, पण वीज गेली नव्हती. राजांगणात सुंभाला टांगलेला हिरवा दिवा स्थिर होता. सौ. स्वयंपाकघरात होती आणि तिच्या साध्या फोनवर वहिनी बोलत होत्या.

तिकडे "गोविंद घ्या, गोपाळ घ्या" सुरू झाले. आत्या सोफ्यावरून उठली, टीव्हीपाशी गेली आणि त्याच्या कडेवरून हात फिरवत म्हणाली, "याचा कान कुठे असतो रे?" आवाज खालच्या बाजूने येतो असे चिरंजीवांनी सांगितले. ती गुडघ्यांवर हात ठेवून हळूहळू वाकली.

थेट प्रक्षेपण थेट नसते, ही गोष्ट चिरंजीवांना ठाऊक होती, पण त्यांनी ती कुणाला सांगितली नव्हती. कॅमेऱ्यातले चित्र लहान लहान तुकडे करून सर्व्हरवर जाते, टीव्ही त्यांतले काही तुकडे आधी साठवून घेतो आणि मग दाखवतो. आपल्यापर्यंत ते पोचते तेव्हा तिकडे अर्धे मिनिट उलटून गेलेले असते. साध्या फोनवरच्या आवाजाला यातले काहीच करावे लागत नाही.

पडद्यावर बाळ अजून पाळण्याबाहेरच होते. आत्याचे तोंड टीव्हीपासून वितीवर आले होते. तेवढ्यात स्वयंपाकघरातून निघालेली हाक राजांगण ओलांडून, माटोळीखालून, रिपीटरला न विचारता आत आली.

"ईशानी! अहो, ऐकलंत का, ईशानी ठेवलं!"

मी आणि चिरंजीव एकदम म्हणालो, "ईशानी!"

आत्याने वाकल्या वाकल्या आमच्याकडे एक हात उगारला. "गप्प बसा रे सगळे," ती म्हणाली. "अजून कुठे ठेवलंय? मी कुर्र केलेलं नाही."