खेळेल त्याची गेम

फ्लॅट घेताना आम्ही दोन बिल्डर बघितले आणि तिसऱ्याला चेक देऊन मोकळे झालो, पण कॉम्प्युटरवर शेतीची एक गेम घ्यायची ठरवली तेव्हा मात्र मी चक्क एक्सेल शीट काढली. रकाने पाच. दुकान, किंमत, सेल कधी, परत घेतात का, आणि शेवटचा रकाना नुसताच 'इतर', ज्यात पुढे सगळ्यात जास्त मजकूर भरला.

गेमचं नाव स्टारड्यू व्हॅली. एरिक बॅरोन नावाच्या एकट्या माणसाने चित्रं, संगीत, कोडिंग सगळं स्वतः करत चारेक वर्षं घालून बनवलेली, २०१६ च्या फेब्रुवारीत आलेली. अमेरिकेत १४.९९ डॉलर. एवढ्याशा वस्तूसाठी एवढा खटाटोप कशाला असं बायकोने विचारलं, तर त्याचं उत्तर असं की पूर्वी हा प्रश्नच नव्हता. कॉलेजात असताना लॅमिंग्टन रोडला जायचं, मार्करने नाव लिहिलेली सीडी घ्यायची, चालली तर चाललीच आणि नाही चालली तर तो माणूस पुन्हा त्या जागेवर दिसायचा नाही, म्हणजे रिफंड पॉलिसी एकदम क्लिअर. आता सगळं कायदेशीर करायचं म्हटलं की दुकानंच दुकानं, आणि प्रत्येक दुकानाचा स्वतःचा लाँचर, म्हणजे गेम उतरवून चालू करायचं त्यांचं ॲप, स्वतःचा पासवर्ड, आणि कॉम्प्युटर चालू केला की आपण न बोलावता उघडणारी स्वतःची खिडकी.

सुरुवात अर्थात स्टीमपासून. हे २००३ साली व्हॉल्व्ह कंपनीने काढलं ते मुळात स्वतःच्या गेम्सचे अपडेट लोकांपर्यंत पोचवायला, पुढच्या वर्षी त्यांचीच हाफ-लाइफ २ ही गेम आली तेव्हा दुकानातून डबा विकत आणला तरी स्टीमचं अकाउंट काढल्याशिवाय खेळता येईना म्हणून लोकांनी यथेच्छ शिव्या घातल्या, आणि आता तेच लोक दुसरीकडे गेम आली की 'स्टीमवर कधी येणार' म्हणून गळा काढतात. आपल्याकडे २०१५ पासून किमती रुपयांत दिसतात, यूपीआय चालतं, म्हणजे भाजीवाल्याला देतो तसे पैसे देता येतात. रुपयातली किंमत डॉलरच्या हिशोबाने बरीच कमी. मग घे ना, असं कोणीही म्हणेल. पण स्टीमवर गेम घेण्याआधी रिव्ह्यू वाचावे लागतात आणि रिव्ह्यू लिहिणाऱ्याने किती तास खेळलंय ते शेजारीच दिसतं, तिथे कोणीतरी आठशे तास खेळून 'वेळ वाया, घेऊ नका' असा अंगठा खाली करून ठेवलेला असतो आणि माझ्यासारखा भिडस्त माणूस अशा अनुभवी माणसाचं मन मोडू शकत नाही.

शिवाय सेल. स्टीमवर उन्हाळ्यात सेल, हिवाळ्यात सेल, मध्ये फुटकळ सेल, त्यामुळे पूर्ण किमतीला गेम घेणं म्हणजे मूर्खपणा अशी एक समजूत होऊन बसते. त्यात स्टीमडीबी आणि इज देअर एनी डील ह्या साइट, तिथे प्रत्येक गेमच्या किमतीचा पार जन्मापासूनचा इतिहास आणि आजवरचा नीचांक. नीचांक कळला रे कळला की माणूस संपला. मग ४० टक्के सूट असली तरी आपल्याला ५० टक्केवाला दिवस डोळ्यापुढे दिसत राहतो आणि आपण गेम विशलिस्टमध्ये टाकून अत्यंत समाधानाने झोपायला जातो.

परत करायची सोय आहे. चौदा दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळलेलं असलं पाहिजे. आता दोन तास. ह्या गेममध्ये सुरुवातीला आपल्या शेतकऱ्याचे केस, डोळे, पँटचा रंग, शेताचं नाव आणि 'आवडती गोष्ट' असं सगळं भरायचं असतं. मी 'आवडती गोष्ट' ह्या रकान्यावरच अर्धा तास घालवणारा माणूस आहे.

एवढ्यात भाचा आला. इंजिनियरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. म्हणाला, मामा, गेम विकत कोण घेतं? एपिकवर ये. हे एपिक दुकान २०१८ च्या डिसेंबरात उघडलं आणि गिऱ्हाईक खेचायला त्यांनी गेम फुकट वाटायला सुरुवात केली, दर गुरुवारी रात्री, आपल्याकडे साडेआठ नाहीतर साडेनऊला, अमेरिकेतलं घड्याळ जसं सरकेल तसं. २०२० च्या मे महिन्यात लॉकडाउनमध्ये जीटीए ५ फुकट दिली तेव्हा अख्ख्या जगाने एकदम धाव घेतली आणि दुकान काही तास आडवं पडलं. भाच्याकडे ह्या फुकटातल्या गेम्सचा एवढा साठा आहे की त्याला खाली स्क्रोल करताना दम लागतो, त्यातली एकही तो खेळत नाही, खेळतो ती वेगळीच, आणि ती पण फुकट. मजा म्हणजे ह्या दुकानात सुरुवातीची तीन वर्षं कार्टच नव्हतं. २०२१ च्या डिसेंबरात आलं. पाच गेम घ्यायच्या तर पाचदा पैसे भरा. असो, मी अकाउंट काढलं, त्या आठवड्याची फुकट गेम घेतली (पाणबुडीबद्दल काहीतरी होती, अजून उघडली नाही) आणि मग शोधलं तर स्टारड्यू व्हॅली तिथे नव्हतीच.

भाच्याने मग अजून एक रस्ता दाखवला, दुसऱ्यांनी विकायला ठेवलेले गेम उघडायचे कोड, निम्म्या किमतीत. मग स्वतःच म्हणाला, पण ते कोड कुठून आलेत कोणालाच माहीत नसतं, चोरीच्या कार्डावर घेतलेले निघाले की कंपनी रद्द करते. म्हणजे परत लॅमिंग्टन रोड! मायक्रोसॉफ्टचा गेम पास म्हणून दरमहा पैसे भरून खेळायचा प्रकार आहे, पण त्यातून गेम महिन्या-महिन्याला बाहेर पडत असतात, आणि माझा खेळायचा वेग बघता मी पहिलं पीक काढेपर्यंत गेमच निघून जायची. तो रकाना मी लाल केला.

हे सगळं हॉलमध्ये चाललेलं आणि आमचे अण्णा कोपऱ्यात पेपर वाचत बसलेले. अण्णा रिटायर्ड तलाठी. सगळी नोकरी कोरेगाव तालुक्यात झाली, आता आमच्याकडे असतात. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला आणि विचारलं, "शेती घेतोयस म्हणे?"

"अण्णा, गेम आहे. कॉम्प्युटरवरची."

"असू दे. सातबारा कोणाच्या नावावर होतो?"

मी आधी हसलो. मग स्टीमचं कार्ट उघडून त्यांना दाखवायला गेलो तर तिथेच खाली बारीक अक्षरात लिहिलेलं होतं की तुम्ही डिजिटल वस्तू घेता म्हणजे तुम्हाला फक्त तिचं लायसन्स मिळतं. २०२४ मध्ये कॅलिफोर्नियाने कायदा केला, मालकी देत नसाल तर 'विकत घ्या' असं म्हणताना तसं स्पष्ट सांगा, त्याच सुमारास ही ओळ तिथे आली. मी अण्णांना ती मराठीत सांगितली. अण्णांचा चेहरा खुलला. एवढा आनंद त्यांना पेन्शनवाढीने झाला नव्हता.

"म्हणजे तू कूळ!"

मग त्यांनी १९४८ च्या कूळकायद्यापासून सुरुवात केली आणि मधे मधे मला प्रश्न. मालक काढू शकतो का? म्हटलं, युबिसॉफ्टने द क्रू नावाच्या गेमचे सर्व्हर २०२४ च्या ३१ मार्चला बंद केले, ज्यांनी पैसे मोजून घेतली होती त्यांची लायसन्सही नंतर काढून घेतली. "मार्च एंड," अण्णा म्हणाले, जणू त्यात सगळं आलं. दुकानदार अडत किती घेतो? म्हटलं, स्टीम गेम बनवणाऱ्याकडून ३० टक्के घेतं, पण विक्री १ कोटी डॉलरच्या वर गेली की पुढच्या विक्रीवर २५ आणि ५ कोटीच्या वर २०. एपिक जास्तीत जास्त १२ टक्केच घेतं. "मोठ्या बागायतदाराला अडत कमी आणि अल्पभूधारकाला जास्त," अण्णा म्हणाले, "बरोबर आहे. सगळीकडे असंच आहे." आणि वारस नोंद? हे मला शोधावं लागलं. तर स्टीमचं अकाउंट दुसऱ्याच्या नावावर करता येत नाही, मृत्युपत्रात लिहिलं तरी नाही. भाचा हे ऐकून माझ्याआधी गंभीर झाला, त्याला काय मिळणार होतं कोण जाणे.

"फेरफारच नाही होत तर कशाला घेतोस?"

आणि ह्याच वाक्यामुळे शीटच्या तळाशी पडलेलं जीओजी वर आलं. हे पोलंडचं दुकान, विचर बनवणाऱ्या सीडी प्रोजेक्टने २००८ मध्ये जुन्या गेम्स विकायला काढलेलं. इथे गेमवर कुलूप नसतं. इन्स्टॉलर फाइल उतरवून घ्यायची, पेन ड्राइव्हवर टाकायची, नेट नसलं तरी चालते. तीस दिवसांत परत घेतात, तेही खेळलेली असली तरी. कागदोपत्री इथेही लायसन्सच, पण फाइल आपल्या कपाटात. अण्णांनी विचार करून निकाल दिला की मालकी नाही पण कब्जा आहे, आणि कब्जा असला की पुढचं बघता येतं.

स्टीमपेक्षा महाग पडली. शिवाय किंमत डॉलरात, त्यामुळे कार्ड नाकारलं गेलं, बँकेच्या ॲपमध्ये इंटरनॅशनल ट्रान्झॅक्शनचं बटण शोधायचं, ते चालू करायचं, ओटीपी, मग वर बँकेचा मार्कअप आणि त्या मार्कअपवर जीएसटी. ही बेरीज कुठल्याच ट्रॅकर साइटवर दिसत नाही. 'इतर' रकाना ह्यासाठीच ठेवला होता.

गेम जेमतेम अर्ध्या जीबीची, पाच मिनिटांत उतरली. पहिला सीन असा आहे की आजोबा अंथरुणाला खिळलेत आणि नातवाच्या हातात एक बंद पाकीट देतात, त्यात शेत. अण्णांनी मला तिथेच थांबवलं. परस्पर नातवाला? मुलगा हयात नाही का? मुली? रजिस्टर्ड आहे का साध्या कागदावर? मी पुढचं बटण दाबणार तर म्हणाले थांब, आणि बाकीच्यांची नावं दिसतायत का बघितलं. नव्हती. ह्या शेतावर दावा पडणार असं त्यांनी तेव्हाच सांगून ठेवलंय.

नंतर माझ्या लक्षात आलं की मी ऑफिसला गेलो की अण्णाच खेळतात. गावचा मेयर सुरुवातीला पार्सनिपचं, म्हणजे पांढऱ्या गाजरासारख्या भाजीचं, पंधरा बियाणं फुकट देतो, ते त्यांनी लावलं, काढलं, आणि घराबाहेरच्या पेटीत टाकलं. ह्या गेममध्ये माल पेटीत टाकायचा आणि सकाळी पैसे जमा. अण्णांना हे पटेचना. हमाली नाही, तोलाई नाही, अडत नाही, पट्टी नाही, आणि सकाळी पैसे? ते आठवडाभर रोज एकेक पार्सनिप टाकून पैसे पूर्ण येतायत का ते तपासत होते. पिएरचं बियाण्याचं दुकान बुधवारी बंद असतं हे मात्र त्यांनी लगेच मान्य केलं.

मग एक दिवस मला फोन. मीटिंगमध्ये होतो, कट केला, परत आला.

"अरे, गाय आहे, शेळी आहे, मेंढी आहे, डुक्करसुद्धा आहे. बैल कुठाय?"

बैल नाही. म्हटलं अण्णा, त्यात कुदळीनेच करायची. ते गप्प. संध्याकाळी भाच्याला बोलावून घेतलं, त्याने सांगितलं की ह्या गेमला लोकांनी बनवलेले मॉड, म्हणजे वरून जोडायचे फेरबदल, बसवता येतात, आणि त्यात ट्रॅक्टरचा पण मॉड आहे. अण्णांनी किंमत विचारली. भाचा म्हणाला, आजोबा, फुकट आहे.

"ट्रॅक्टर फुकट," अण्णा माझ्याकडे बघत म्हणाले, "मग डिझेल कोणत्या दुकानातनं घ्यायचं, तुझी ती शीट काढ."